नवरदेवाची चक्कर आणि लाल गाडीचा हीटर

परभणीत गाडीचा एसी थंड करीना झाला की गिऱ्हाईक खाली उतरायच्या आधीच ओरडतं, "मिस्त्री, गॅस मारा!" पंखा जळालेला असो, पट्टा तुटलेला असो, उंदरानं वायर कुरतडलेली असो, आमच्या जिल्ह्यात एसीला एकच रोग होतो आणि त्यावर एकच औषध असतं. दवाखान्यात जाऊन डॉक्टरला "सलाईन लावा" असा हुकूम सोडणारी जी माणसं, तीच माझ्या दुकानात येऊन "गॅस मारा" म्हणायची. उभी हयात मी गाड्यांच्या एसीची कामं केली. आता गुडघे गाडीखाली जाऊ देत नाहीत, म्हणून दुकान बंद करून घरी बसलोय. संपादकसाहेबांनी निरोप धाडला, "मिस्त्री, दिवाळी अंकासाठी काहीतरी प्रेरणादायी लिहा." साहेब, डॅशबोर्डखाली उलटं लोंबकळून ज्याची मान कायमची वाकडी झाली, त्याच्याकडं प्रेरणा कुठली असणार? जे बघितलं ते लिहितो, त्यात प्रेरणा सापडली तर तुमची तुम्ही काढून घ्या.

आधी धंदा समजून सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद नळ्यांत गरागरा फिरत राहतो आणि गाडीतली गरमी उचलून बाहेर टाकतो. गॅस कमी झाला म्हणजे कुठंतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं. हे मी हजार वेळा सांगितलं असेल. लोक मान डोलवायचे आणि म्हणायचे, "बराबर हाय. आता मारा गॅस."

बरं, नुसतं अज्ञान असतं तर चाललं असतं. आमच्याकडं अज्ञानाला भक्तीची जोड असते. एक सराफ होते. एसी लावला की गाडीत घाण वास यायचा. त्यांनी काय करावं? एसीच्या जाळीत उदबत्त्या खोचल्या. वास जाईना, म्हणून बोनेटच्या आत लिंबू-मिरची बांधली. शेवटी सगळी गाडी धुरानं कोंदली तेव्हा माझ्याकडं आले. मी आतून मेलेला उंदीर काढला आणि शेपटीला धरून त्यांच्यासमोर धरला, तर हे मलाच ओरडले, "अहो मिस्त्री, गणपतीचं वाहन हाय ते, असं शेपटीला धरू नका!" वाहनात वाहन मेलं होतं, आणि चूक माझी. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" असं जे म्हणतात ते उगाच नाही.

पण मला सांगायचंय ते सेलूच्या मदनशेठच्या लाल गाडीचं.

मदनशेठ कापसाचे व्यापारी. माणूस दिलदार, पण ती दिलदारी चारचौघांना दिसलीच पाहिजे असा. त्यांनी पुण्याच्या कुण्या हौशी माणसाकडून एक लाल, दोनच सीटची, परदेशी बनावटीची जुनी स्पोर्ट गाडी आणली. त्यानं ती का विकली हे शेठनी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. गाडी इतकी बुटकी, की तिच्यात बसायचं नसतं, उतरायचं असतं. वाऱ्यासारखी पळायला बनवलेली ती गाडी आमच्याकडच्या प्रत्येक गतिरोधकावर पोट घासायची. मग शेठ खाली उतरायचे, रस्त्यावरची माणसं गोळा करायचे आणि "हळू, हळू, तिरपी घ्या" करत तिला म्हशीसारखं पार करायचे. मागून ऊस घेऊन येणारा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभा राहायचा.

एवढ्या गाडीचं करायचं काय? तर शेठनी ती नवरदेवांना द्यायला सुरुवात केली. आमच्याकडं लग्न लागायच्या आधी नवरदेव मारुतीच्या दर्शनाला वाजतगाजत जातो, त्याला परण्या म्हणतात. पूर्वी परण्या घोड्यावरून निघायचा, मग जीपमधून निघायला लागला. आता सेलूपासून पोखर्णीपर्यंत ज्याच्या त्याच्या पोराला लाल गाडी पाहिजे. शेठ नाही म्हणायचे नाहीत, पैसा घ्यायचे नाहीत, एकच अट होती. स्टेअरिंगवर शेठ स्वतः बसणार. म्हणजे परण्या नवरदेवाचा, आणि मिरवणार कोण, तर मदनशेठ.

एका उन्हाळ्यात, लग्नाची तिथ जोरात असताना, शेठ गाडी घेऊन आले. "मिस्त्री, थंड कमी यायलंय. गॅस मारा."

मी गेज लावून बघितलं. गॅस अगदी बरोबर. कंप्रेसर ठीक, पंखा ठीक. बटण निळ्यावर होतं, तरी डाव्या सीटच्या पायाशी हात नेला तर चुलीपुढं बसल्यासारखी धग.

हे समजायला अवघड नाही. घरात माठ आणि पाण्याचा बंब एकाच खोलीत शेजारी ठेवलाय असं समजा, आणि मध्ये एक लहान दार आहे. दार बंद, तर खोली गार. दार उघडं, तर बंबाची गरमी आत. गाडीत तसंच असतं. एसीची गार जाळी आणि हीटरची गरम जाळी एकाच डब्यात शेजारी असतात. हीटरच्या जाळीत इंजिनाचं उकळतं पाणी फिरतं. मध्ये एक झडप असते. बटण निळ्यावर फिरवलं की झडप हीटरचं तोंड झाकते. शेठच्या गाडीत बटण फिरत होतं, झडप हलत नव्हती. वैशाखात परभणीत हीटर चालू होता.

"शेठ, गॅस भरपूर हाय," मी म्हणालो. "आतली झडप अडकलीय. डॅशबोर्ड खोलावा लागंल. गाडी ठिवून जावा."

"ठिवून कशी जाऊ? परवा आबारावच्या पोराचं लगीन हाय. शब्द दिलाय मी."

"मग एसी लावू नका. काचा खाली ठिवा."

शेठनी माझ्याकडं अशी नजर टाकली, जणू मी त्यांना धोतर सोडून लग्नाला जा म्हणालो. "अहो, एसीची गाडी अन् काचा खाली? लोक म्हणतील एसी बंद हाय. माझी काय इज्जत राहील? तुमी गॅस मारा निस्ता."

"भरलेल्यात आणखी भरला तर कंप्रेसर दमतो, इंजिन तापतं, अन् हीटर आणखी पेटतो. पोट फुटेस्तोवर जेवलेल्या माणसाला जिलबीचा आग्रह करू नका. मी न्हाई मारणार."

शेठ रागानं निघून गेले. वाटेत कुण्या दुसऱ्या दुकानातून गॅस मारून घेतला. गॅस मारणारे परभणीत कमी आहेत का? गेज बघणारे कमी आहेत.

लग्नाच्या दिवशी दुपार चढता चढता शेठचा फोन. आवाज पार उतरलेला. "मिस्त्री, असाल तसे या. पोखर्णीच्या रस्त्यावर कार्यालय हाय. तुमचे पाने-पेचकस घेऊन या. लय फजिती झालीय."

मोटारसायकलला पिशवी अडकवून गेलो. बघतो तर कार्यालयाच्या दारात लाल गाडी झेंडूच्या माळांत बुडालेली, बँडवाले सावलीला बसलेले, वऱ्हाड उभंच्या उभं, आणि मांडवात कुणीच नाही. भटजी एकटेच पाटाशेजारी बसून घड्याळ बघत होते.

झालं होतं असं. परण्या निघाला. नवरदेव वैभव, खत-बियाण्याच्या दुकानात कामाला असलेला साधा पोरगा, रिवाजाप्रमाणं सकाळपासून उपाशी. अंगात जाड शेरवानी, डोक्याला घट्ट फेटा, पायात मोजे-बूट. पुढं डीजे, त्यापुढं नाचणारे, त्यामुळं गाडी मुंगीच्या पावलानं. शेठनी एसी फुल्ल केला आणि नवरदेवाची काच वर घेतली, का, तर एसीची गाडी आहे हे लोकांना कळायला पाहिजे. स्वतःची काच मात्र पूर्ण खाली, कारण चालवणारा कोण हेही लोकांना दिसायला पाहिजे. मारुतीच्या पारापर्यंत पोचेस्तोवर पोरगा भट्टीत भाजून निघाला. दार उघडलं, तसा तो बाहेर पाय टाकून जो आडवा झाला तो झालाच.

इथपर्यंतही बिघडलं नव्हतं. चक्कर कुणालाही येते. पण गर्दीतला कुणीतरी शहाणा पुढं झाला, पायातली चप्पल काढली आणि नवरदेवाच्या नाकाला लावली. तेवढ्यात कुणी फेटा सोडला, कुणी पाणी मारलं, पोराला वारा लागला. पोरानं डोळे उघडले. झालं! आमच्याकडं सगळ्यांना माहीत, चप्पल हुंगून उठतो तो मिरगीवाला. फेटा सोडल्याचं कुणी बघितलं नाही, पाणी मारल्याचं कुणी बघितलं नाही. चप्पल सगळ्यांनी बघितली. कार्यालयात पाहुणे पोचायच्या आधी बातमी पोचली, की नवऱ्याला फिट येते आणि हे लपवून सोयरीक केलीय.

नवरीकडून बोलायला तिचे मामा उभे होते. दत्तामामा, येलदरीकडचे, धिप्पाड, आवाज असा की माईक लागू नये. नवरीचा बाप बिचारा खांबाला टेकून खाली बसला होता. त्याचाही वाटा मामाच बोलत होते.

"ह्ये लगीन लागणार न्हाई! मिरगीवाला पोरगा आमच्या गळ्यात मारायलेत! वऱ्हाड माघारी घेऊन जा!"

नवरदेवाचे वडील आबाराव, गावातले बागायतदार, मिशीला पीळ देऊन सांगत होते की आमच्या सात पिढ्यांत कुणाला फिट नाही. नात्यातल्या एका डॉक्टरनं पोराला तपासून सांगितलंही होतं, की हे उन्हाचं आणि उपाशीपणाचं आहे. पण डॉक्टर नवऱ्याकडचा, म्हणून निदानही नवऱ्याकडचं.

मी म्हणालो, "आणि समजा फिट असली, तरी गोळ्या असतेत की त्याला. माणसं संसार करतेत, नोकऱ्या करतेत."

दोन्हीकडच्यांनी एकदमच माझ्याकडं वळून बघितलं. तेवढ्या एका गोष्टीवर दोन्ही वऱ्हाडांचं एकमत झालं, की ह्यानं तोंड बंद ठेवावं.

खोलीत जाऊन पोराला बघून आलो. गादीवर पडलेला, हातात कुणीतरी फोडलेला कांदा दिलेला. उशाशी त्याची आई पदरानं वारा घालत बसलेली. मी विचारलं, "पायाला गरम लागत व्हतं का रे?"

"काका, बूट वितळायचे बाकी व्हते," तो बारीक आवाजात म्हणाला. "काचेचं बटण शेठकडंच व्हतं, मी तीनदा म्हणलो खाली घ्या. डीजेत ऐकूच गेलं न्हाई."

बाहेर आलो तर शेठनी मला बाजूला ओढलं. मला वाटलं, माणूस आता कबूल करेल. शेठ कानात म्हणाले, "मिस्त्री, गाडी ओके हाय असं म्हणा. गाडीचं नाव खराब झालं तर पुन्हा कुणी परण्याला बोलवणार न्हाई. पोराचं काय, एक सोयरीक मोडली तर दुसरी जमंल."

बघा दिलदारी. दोन माणसांच्या आयुष्याचं वाटोळं व्हायची वेळ आलेली. लग्न मोडलं तर पोराला जन्मभराची मिरगी चिकटणार, आणि पोरीला 'मांडवातून परत गेलेली' हे नाव लागणार. आणि ह्यांना काळजी गाडीच्या अब्रूची. माझं डोकंच फिरलं.

"शेठ, गाडीला सोयरीक करायची न्हाई, पोराला करायचीय," मी मोठ्यानंच म्हणालो, आणि डावं दार उघडून डॅशबोर्डखाली घुसलो.

दत्तामामा डोक्यावर येऊन उभे राहिले. "डॉक्टर त्यांचा, गाडीवाला त्यांचा, आता मिस्त्री बी त्यांचाच."

"मी कुणाचाच न्हाई, मामा. मला तर जेवणाचं आवतन बी न्हाई."

समोरच्या कप्प्यामागं पंख्याच्या डब्याचं झाकण होतं. पेच काढून झाकण ओढलं, आणि हातात काहीतरी ओलसर, गुंतवळीसारखं आलं. उजेडात धरलं. क्षणभर मलाच कळेना. मग हसू आवरेना. हातात ज्वारीचे कोंब होते. पांढरी मुळं, पिवळट पानं, आणि मुळाशी हळद-कुंकवात रंगवलेले दाणे. मधूनमधून झेंडूच्या कुजक्या पाकळ्या.

कारण सांगतो. इतर ठिकाणी अक्षता तांदळाच्या असतात. आमच्याकडं बरेच जण ज्वारीच्या रंगवतात. शेठच्या गाडीवर प्रत्येक परण्यात पसापसा अक्षता पडायच्या. पुढच्या काचेखाली बाहेरची हवा आत घेणारी जाळी असते, तिच्यातून त्या थेट डब्यात. पाणी बाहेर जायची नळी दाण्यांनी बुजली. शेठ रोज गाडी पाइपानं धुवायला लावायचे, ते पाणीही आतच साचलं. त्यात थंडीच्या दिवसांत शेठ येईल त्याला हीटर लावून दाखवायचे, म्हणून बटण लालवर. मग गाडी महिनोन्‌महिने शेडमध्ये उभी. आत ज्वारी उगवली, मुळं झडपेच्या बिजागरीत शिरली आणि झडप होती तिथंच, गरम बाजूला घट्ट झाली. पुढं शेठनी जोर लावून बटण फिरवलं, तर आतली तार वाकली. परदेशातल्या कारागिरांनी ती गाडी बर्फात चालवून बघितली असेल, वाळवंटात चालवून बघितली असेल. तिच्यात ज्वारीचं पीक येईल हे कुणाच्या डोक्यात येणार?

कोंब बघून बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. कुणीतरी म्हणालं, "शेठ, यंदा हुरड्याला बोलवा." शेठ माळा सारख्या करण्यात एकदम मग्न झाले.

मी मामांना सगळं समजावलं. बंब, माठ, मधलं दार. मामा ऐकत होते, पण त्यांनी मिरगी म्हणून तोंडातून काढलं होतं, ते परत गिळायचं कसं?

"असंल," ते म्हणाले. "पण शेठ बी त्याच गाडीत व्हता. त्याला कामून चक्कर न्हाई आली?"

"शेठ जेवलेले, मलमलीच्या सदऱ्यात, काच खाली. पोरगा उपाशी, शेरवानीत, काच वर. अन् गरम हवा निघती ती डाव्या बाजूला, पोराच्या पायाशी."

"त्ये तुमी म्हणताव."

माझा हात झडपेकडं गेला होता. उरलेली मुळं ओढून झडप हातानं सरकवली असती तर गरम हवा बंद झाली असती. मी हात मागं घेतला. आता दुरुस्त केलं तर पोराच्या बाजूनं बोलणारा एकमेव साक्षीदार गप्प होईल. साऱ्या आयुष्यात मी एवढा एकच बिघाड असा सांभाळून ठेवला असेल. झाकण परत लावलं आणि म्हणालो, "मामा, मी म्हणतो ते सोडा. तुमी स्वतः बसा. पोराची शेरवानी घाला, फेटा बांधा, काच वर घ्या. मग तुमीच सांगा."

गर्दीला हे फारच आवडलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो? "बसा मामा, बसा!" सुरू झालं. आता नाही म्हणावं तर भ्यायले असं होणार. शेरवानी अंगात जाईना तर ती पुढून पोटावर गच्च बांधली. फेटा चढवला. मामा मावत नव्हते. दोघांनी खांद्याला धरून त्यांना आत उतरवलं, गुडघे हनुवटीला टेकले. मी इंजिन सुरू केलं, एसी फुल्ल, बटण निळ्यावर. दार बंद केलं आणि काच वर घेतली.

आधी मामा मिशीत हसत होते, बाहेरच्यांना हात करत होते. मग हात थांबला. मग हसू गेलं. कपाळावरून घामाच्या धारा निघाल्या, तोंड लालबुंद झालं. पोरंटोरं काचेला नाक लावून बघायला लागली. मी खूण केली, उघडू का? मामांनी मान हलवली, नाही म्हणून. हट्ट मोठा होता माणसाचा. पण हट्टालाही हवा लागते. एकाएकी ते आतून काचेवर थापा मारायला लागले. दार उघडलं, दोघांनी बाहेर ओढलं, तसे ते धुळीतच बसले, फेटा गळ्यात, डोळे पांढरे. पाण्याचा तांब्या त्यांनी एका घोटात संपवला, दुसरा डोक्यावर ओतून घेतला.

श्वास जरा ठिकाणावर आला आणि मामा म्हणाले, "तरी बी मी पडलो न्हाई. तो पडला."

मी कपाळावर हात मारला. आबाराव तावातावानं पुढं आले, त्यांना मागं ओढणारे पुढं आले, शिव्यांना सुरुवात झाली. आता हाणामारीच व्हायची, तेवढ्यात मागून बायकांतून आवाज आला.

"चप्पल आणा गं कुणीतरी."

नवरी होती. रेणुका. हिरवा शालू, मुंडावळ्या, मेंदीचे हात. मघापासून तिच्या लग्नाबद्दल जो तो बोलत होता, तिला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. ती गर्दीतून वाट काढत आली आणि मामांसमोर उभी राहिली.

"मामा बसलेत खाली, डोळे फिरवायलेत. त्यास्नी चप्पल हुंगवा. उठून उभे राहिले तर मामाला बी मिरगी हाय म्हणू. मग मामीला बी माघारी धाडू, फसवून लगीन केलं म्हणून."

एवढं हसू मी कुठल्या लग्नात ऐकलं नाही. बँडवाल्यातल्या एकानं उगाच ढोलावर एक थाप दिली. मामी तर हसून हसून खालीच बसल्या. मामा धुळीत बसल्या बसल्या म्हणाले, "पोरी, तुझ्यासाठीच भांडायलो व्हतो गं मी." आणि त्यांचे डोळे भरून आले. खोटं नव्हतं ते. माणूस आडमुठा, पण पोरीवर जीव होता त्याचा.

"माहीत हाय मला मामा," ती म्हणाली आणि पदरानं त्यांचा चेहरा पुसला. "पर मला इचारायचं की एकदा."

आबारावांची कळी खुलली. मिशीवर ताव देत ते पुढं झाले. "शाब्बास! आमची सून खरी! चला, मुहूर्त टळायलाय. एका चक्करीवरनं लगीन मोडाया निघाले व्हते लोक. चक्कर काय, माणसाला येतच असती."

रेणुका हलली नाही.

"मामंजी, एक इचारू?"

"इचार की."

"आज तुमचा पोरगा पडला तर तुमी डॉक्टर बोलवला, मिस्त्री बोलवला, गाडी उघडून बघितली. उद्या तुमच्या घरी मी चक्कर येऊन पडले, तर कुणाला बोलवताल?"

आबारावांचा मिशीवरचा हात खाली आला. कुणी खाली बघितलं, कुणी भटजींकडं.

तेव्हा खोलीच्या दारातून वैभवची आई पुढं आली. सुमनबाई. एका हातानं पोराला धरलेलं. पोरगा अजून लटपटत होता. मी आल्यापासून त्या बाईचा शब्द ऐकला नव्हता. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. तिनं सुनेकडं बघितलं.

"मी पडले व्हते बाई," ती म्हणाली. "माझ्या लग्नात. असंच ऊन, पोटात काही न्हाई, अन् अंगावर नऊवारी शालू. मला बी चप्पलच हुंगवली. तवापास्नं घरात जरा मोठ्यानं बोलले तरी म्हणतेत, गप बसवा हिला, फिट येईल. एकट्यानं कुठं जाऊ देत न्हाईत, विहिरीवर न्हाई, बाजाराला न्हाई. मला उभ्या जन्मात दुसऱ्यांदा चक्कर आलेली न्हाई. पर माझ्या टायमाला दाखवाया गाडी नव्हती."

रेणुकानं पुढं होऊन तिचा हात धरला. "चला आत्या," ती म्हणाली, आणि दोघी मांडवाकडं चालायला लागल्या. वैभव कांदा हातात घेऊन त्यांच्या मागं निघाला. मामाही उठले, धूळ झटकत निघाले.

आबारावांनी पटका सारखा केला आणि बँडवाल्यांना हात केला, वाजवा म्हणून. बँडवाले त्यांच्याकडं बघतच नव्हते. ते सुमनबाईंकडं बघत होते, ती काही सांगती का म्हणून.